तेल नाही, चालू करू नये

मी अंगाला साबण लावून बसलो होतो आणि बाहेर माझीच गाडी चालू झाल्याचा आवाज आला. गाडी नवी कोरी, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला, आणि घरात माझ्याशिवाय कुणी नाही. चोर म्हणावं तर खंडेनवमीच्या सकाळी, अख्खी गल्ली हार-फुलं घेऊन रस्त्यावर असताना गाडी पळवायला येणारा चोर इचलकरंजीत अजून जन्मायचा होता. इंजिन जरा गुरगुरलं, चाकं कशावर तरी चढली आणि आवाज थांबला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अण्णा आले होते.

अण्णा म्हणजे बळवंत दिवटे, माझे थोरले भाऊ. आम्ही दोघं एकाच गावात, सायकलनं जावं इतक्या अंतरावर राहत होतो आणि नऊ वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. वाटण्या झाल्यावर माझ्या वाट्याचे यंत्रमाग मी परक्याला विकून टाकले, हे त्याचं कारण. मी बँकेत कारकून, मला माग घेऊन काय करायचं होतं? पण अण्णांच्या लेखी मी आईचे दागिने मोडून खाल्ले होते. ते भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त बोलणं सोडलं.

वर्षातून एकदा येणं मात्र सोडलं नाही. वडिलांपासूनची आमच्याकडची रीत अशी की खंडेनवमीला घरातल्या प्रत्येक मशीनला नवं तेल मिळालं पाहिजे, आणि ते थोरल्याच्या हातानं. माग, जनरेटर, टेम्पो, काय असेल ते. माझ्याकडे काय, एक स्कूटर. तरी अण्णा यायचे. फाटकाची कडी काढायचे, स्कूटरचं जुनं तेल सोडायचे, नवं घालायचे, हळद-कुंकू वाहायचे, झेंडूची माळ अडकवायचे आणि जायचे. माझी बायको सुमती पायरीवर चहा ठेवायची, तो तसाच गार व्हायचा. मी खिडकीतून बघायचो. त्या वर्षी पायरीवर चहा ठेवायला सुमती नव्हती. उन्हाळ्यातच गेली होती. गाडी घेतली ती तिच्या माघारी, मुलीच्या हट्टापायी. बाबा, एकटे घरात बसून राहू नका, असं ती बेंगळुरूहून सांगायची. मग मी गाडीत एकटा बसून राहू लागलो.

कसाबसा साबण धुऊन, लुंगी गुंडाळून मी बाहेर आलो. पुढची चाकं दोन फळ्यांवर चढवलेली, खाली पोतं अंथरलेलं आणि पोत्यावरून अण्णांचे पाय बाहेर आलेले. शेजारी घमेलं, त्यात तेलाची शेवटची धार पडत होती. इंजिन रिकामं झालं होतं. पायरीवर त्यांच्या नेहमीच्या तेलाचा डबा उभा होता, वीस-चाळीस नंबरचा. तेच तेल त्यांच्या टेम्पोला, तेच जनरेटरला, तेच माझ्या स्कूटरला.

मी गप्प बसलो असतो तर पाऊण तासात काम उरकून ते निघून गेले असते. गाडीची वॉरंटी गेली असती आणि अण्णाही गेले असते, पुढच्या खंडेनवमीपर्यंत. त्या क्षणी मला अर्थात फक्त वॉरंटीच सुचली. सगळं आयुष्य बँकेत काढलेला माणूस.

"अण्णा, थांबा. हे तेल ह्या गाडीला चालत नाही."

पाय हलायचे थांबले. मग अण्णा पोत्यावरून सरकत बाहेर आले. केस अगदी पांढरे झालेले, खिडकीतून ते एवढे दिसले नव्हते. त्यांनी फडक्यानं हात पुसले, माझ्याकडे न बघता डब्याकडे बघितलं आणि नऊ वर्षांनी पहिला शब्द उच्चारला.

"कोण म्हणतं?"

मी आत जाऊन गाडीचं पुस्तक घेऊन आलो. शोरूममधली तेजस्विनी मगदूम नावाची मुलगी पहिल्या सर्व्हिसच्या वेळी मला हे सगळं समजावत बसली होती, तेच मी अण्णांपुढे ओकायला लागलो. ह्या गाडीला शून्य-वीस नंबरचं तेल लागतं. पहिला आकडा म्हणजे सकाळी गार इंजिन चालू करताना तेल किती चटकन वाहतं तो, दुसरा म्हणजे इंजिन तापल्यावर ते किती जाड राहतं तो. आताच्या इंजिनात तेलाच्या वाटा केसासारख्या बारीक असतात, जाड तेल तिथं वेळेवर पोचत नाही.

"शून्य?" अण्णा म्हणाले. "शून्य म्हंजे पाणीच की रं. जाड तेल असंल तर इंजिन गार ऱ्हातं. बापानं आपल्या हेच सांगितलं."

मी म्हटलं, बापाच्या वेळचं इंजिन वेगळं होतं. आणि नुसता आकडा जुळूनही भागत नाही. त्या आकड्याखाली गाडीच्या कंपनीनं मंजूर केलेल्या तेलाचा स्वतःचा एक नंबर असतो, तो डब्यामागे छापलेला असला पाहिजे. एकाच आकड्याचे दोन डबे शेजारी ठेवले तरी एकावर तो असेल, दुसऱ्यावर नसेल. तेल शोरूममधूनच घ्यावं अशी सक्ती नाही, बाहेरून घ्या, घरी घाला, पण तो नंबर हवा आणि बिल जपून ठेवायला हवं. भलतंच तेल घातलं आणि त्यानं इंजिनाला काही झालं, तर कंपनी हात वर करणार.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा नसल्यानं पुस्तक लांब धरून तो नंबर वाचला, मग आपल्या डब्याची मागची बाजू वाचली. पुस्तक मला परत दिलं.

"गाडी तू घेतलीस का गाडीनं तुला घेतलंय?" म्हणाले, आणि त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

मला हसू आलं. त्यांना आलं नाही, किंवा त्यांनी दाखवलं नाही.

कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टवाल्याकडे मी स्कूटरवर जाऊन आलो. त्याच्या दुकानात पूजा मांडलेली, गल्ला झाकलेला, तरी ओळखीखातर त्यानं डबा काढून दाखवला. शून्य-वीस होतं, पण मागे आमचा नंबर नव्हता. तेजस्विनीला फोन लावला. ती म्हणाली, काका, आमच्याकडचं संपलंय, कोल्हापूरहून मागवावं लागेल, आणि आता दसऱ्याची सुट्टी. फिल्टर पण त्याच्याबरोबरच घ्या. इंजिन मात्र चुकूनसुद्धा चालू करू नका.

हे मी येऊन सांगितलं. मला वाटलं, अण्णा आता चप्पल घालतील. त्यांनी उलट पायातली होती तीही काढली आणि पायरीवर बसले.

"उघडं मशीन सोडून जायचं नसतं," एवढंच म्हणाले.

हाही वडिलांचाच नियम. आम्ही लहान असताना कुणीतरी जनरेटरचं तेल सोडून जेवायला गेला, मागाहून आलेल्या कामगारानं तो चालू केला आणि इंजिन जाम होऊन बसलं. तेव्हापासून आमच्याकडे ज्यानं तेल सोडलं, त्यानंच ते भरायचं आणि भरेपर्यंत जागा सोडायची नाही. अण्णांनी तो नियम पाळायचं ठरवलं होतं. खडूचा तुकडा मागितला आणि गाडीच्या पुढच्या काचेवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'तेल नाही, चालू करू नये.' किल्ली स्वतःच्या बंडीच्या खिशात टाकली. मग मुलाला फोन करून सांगितलं की मुरलीकाकाकडं मशीन उघडं पडलंय, भरल्याबिगर येत न्हाई. पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, अण्णांनी फोन बराच वेळ तसाच हातात धरला होता.

अशा रीतीनं माझे भाऊ माझ्या घरी राहायला आले. माझ्यासाठी नव्हे, गाडीसाठी.

पहिला दिवस अवघड गेला. दोन म्हातारी माणसं एका घरात, आणि बोलायला विषय एकच, इंजिन ऑइल. मी खिचडी केली. अण्णांनी ती मुकाट्यानं खाल्ली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तुझी वहिनी गेल्यावर शिकलो, म्हणाले. आमटी मात्र आईच्या हातची करायचे, तिखटजाळ. मी पोळ्या विकतच्या आणायचो, त्याला त्यांनी नावं ठेवली आणि खाल्ल्याही. सुमती गेल्यापासून मी ताटाऐवजी पातेल्यातच जेवायची सवय लावून घेतली होती. त्या दिवसांत पुन्हा ताटं मांडली गेली. आज हे लिहिताना मी परत पातेल्यावर आलोय. अण्णांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

दसऱ्याला त्यांनी आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली. मी वाकून नमस्कार केला. ते "बरं, बरं" म्हणाले आणि लगबगीनं गाडीकडे गेले, काचेवरचा खडू पुसट झाला होता तो पुन्हा गिरवायला.

दुपारी आम्ही व्हरांड्यात बसायचो. गल्लीतले लोक येता-जाता काच वाचायचे आणि विचारायचे, काय दिवटे, तेल महाग झालं काय? अण्णा मग त्यांना पकडून बसवायचे आणि शून्य-वीसची सगळी कहाणी सांगायचे, जणू पुस्तक त्यांनीच लिहिलंय. केसासारख्या वाटा, मागचा नंबर, वॉरंटी. मी सांगितलं तेव्हा जे पाणी होतं ते आता त्यांच्या तोंडी अमृत झालं होतं. शेजारच्या म्हेतरांना तर त्यांनी घरून त्यांच्या गाडीचं पुस्तक आणायला लावलं आणि तुम्ही भलतंच तेल घालताय म्हणून झापलं.

एका अशाच दुपारी त्यांनी विचारलं, "हितं आवाज येत न्हाई रं कसला?"

मी म्हटलं, आमच्या गल्लीतले माग केव्हाच बंद पडले.

"माझं पण गेलं," ते म्हणाले. "औंदा उन्हाळ्यात. भंगारात."

मला ठाऊक नव्हतं. मी विकले म्हणून ज्यानं नऊ वर्षं अबोला धरला त्या माणसानं आपले माग भंगारात घातले होते, आणि त्याच उन्हाळ्यात मी सुमतीला घेऊन दवाखान्यात होतो, आणि दोघांनीही एकमेकांना काही कळवलं नव्हतं. सुमतीच्या तेराव्याला ते येऊन मागच्या ओळीत बसून गेले होते एवढं मला आठवलं. अण्णा पुढे बोलत होते. शेडमध्ये पोरानं सुताचं गोदाम केलंय. पोरगा चांगला आहे, सून वेळेवर ताट देते, कुणाचं काही वाईट नाही. पण घरात आता खडखड नाही. सकाळी उठून काय ऐकायचं? खंडेनवमीला हातात तेलाचा डबा घेतला आणि घरभर हिंडलो, म्हणाले, घालू कशात? टेम्पो पण पोरानं विकलाय. मग इकडे आलो.

तेव्हा मला ती सकाळ कळली. माझी गाडी हे दिवट्यांच्या घरातलं शेवटचं मशीन होतं, स्कूटर सोडली तर.

दसऱ्यानंतर एक-दोन दिवसांनी तेजस्विनीचा फोन आला. तेल आलं होतं. मी स्कूटर काढून शोरूमला गेलो. डब्यामागचा नंबर तिनं मला बोट ठेवून दाखवला, फिल्टर दिला, बिल दिलं आणि बजावलं की तेल घातलं की तारीख आणि किलोमीटर कळवा, नोंद करून ठेवते, उद्या वॉरंटीला प्रश्न यायला नको. मी खूश होऊन निघालो. नदीकडच्या रस्त्याला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की मी अण्णांना घरी पाठवायचं तिकीटच पिशवीत घालून नेतोय.

डबा रिकामा व्हायला दहा मिनिटं लागली असती. मग हळद-कुंकू, माळ, आणि फाटकाची कडी. ते थांबा म्हटलं तर थांबले नसते. कुठल्या तोंडानं म्हणणार होतो? नऊ वर्षांत मीही त्यांच्या दारात गेलो नव्हतो. मला त्या रिकाम्या घराची भीती वाटली, साधी सरळ भीती, लहान पोराला वाटते तशी. घरी आलो तेव्हा अण्णा व्हरांड्यात शेंगा सोलत बसले होते. मी स्कूटर मागच्या बाजूला लावली, मागच्या दारानं आत शिरलो आणि डबा व फिल्टर तांदळाच्या पिंपामागे सारून पुढे आलो.

"आलं का तेल?"

"नाही. कोल्हापूरची गाडीच आली नाही म्हणे."

"बरं," अण्णा म्हणाले आणि पुढची शेंग उचलली.

रोज मी बाहेर जाऊन यायचो, रोज ते विचारायचे आणि रोज कोल्हापूरची गाडी यायची नाही. कधी ट्रक पंक्चर झाला, कधी डबा आला पण मागचा नंबर वेगळा निघाला, कधी तेजस्विनी रजेवर गेली. बँकेत असताना खोटं बोलता येत नाही म्हणून माझी टिंगल व्हायची, पण त्या आठवड्यात मी बरा तयार झालो. अण्णा कधी जास्त खोलात शिरले नाहीत. मला वाटायचं, त्यांना आपल्या नियमापुढे दुसरं काही दिसत नाही. मुलीचा फोन आला तर तिलाही मी तेच सांगितलं. ती म्हणाली, बाबा, बेंगळुरूहून पाठवू का एक डबा? मी घाईघाईनं नको म्हटलं. फोन ठेवला तर अण्णा माझ्याकडे बघत होते. काय म्हणाली पोरगी, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिकडंही मिळत नाही.

त्या दिवसांत आम्ही फार काही बोललो असं नाही. वाटण्यांचा विषय निघाला नाही, माफी कुणी मागितली नाही. अण्णा आमटी करायचे, मी भांडी घासायचो. संध्याकाळी ते गाडीचं बॉनेट उघडून आत बघत उभे राहायचे, मी पण शेजारी जाऊन उभा राहायचो. बघायला काही नव्हतं.

मग एका सकाळी मी भाजी आणायला गेलो आणि फोन चार्जिंगला लावलेला घरीच विसरलो. भाजी घेऊन परत आलो तर फाटक उघडंच होतं. व्हरांड्यात पाय ठेवला आणि आतून अण्णांचा आवाज ऐकू आला. ते फोनवर मोठ्यानं बोलायचे, माग चालवणाऱ्या माणसासारखं, पलीकडच्याला खडखडाटातून ऐकू जावं म्हणून.

"न्हाई, मुरली भाजी आणाय गेलाय. मी त्याचा थोरला भाऊ." मग जरा थांबून म्हणाले, "तुमीच व्हय त्या शोरूमच्या बाई? व्हय, तेल कवाच आलंय घरात. नंबर पण बघितलाय मी, बरोबर हाय. तांदळाच्या पिंपामागं लपवून ठेवलंय त्यानं."

मी भाजीची पिशवी घेऊन जागच्या जागी उभा राहिलो. आमटी-भात रोज तेच करत होते. तांदूळ रोज त्याच पिंपातून निघत होता. हे मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं.

"घातलं न्हाई अजून," अण्णा सांगत होते. "घातलं की मला घरी जावं लागंल."

पलीकडे ती पोरगी काय बोलली असेल ते मला माहीत नाही.

"तुमी एक करा बाई. किलोमीटर तेवढंच हाय, गाडी जाग्यावरनं हललेली न्हाई. लिवून ठेवा काय लिवायचं ते. पर त्याला परत फोन करून इचारू नका. मला ठावं हाय हे त्याला कळाय नको."

मला रडू फुटलं. सुमती गेली तेव्हाही मी असा उभ्या उभ्या रडलो नव्हतो. तसाच पाऊल न वाजवता मागे आलो, फाटकाबाहेर गेलो, धोतराच्या दुकानासमोर उगाच थोडा वेळ उभा राहिलो आणि तोंड पुसून पुन्हा आलो. ह्या वेळी फाटक चांगलं आपटलं, कडी वाजवली, चपला घासत व्हरांडा चढलो.

अण्णा खुर्चीत बसले होते. फोन जिथल्या तिथे, चार्जिंगला.

"काय रं," ते म्हणाले, "आलं का तेल?"

"नाही, अण्णा. अजून नाही."

त्यांनी मान डोलावली. काचेवरच्या अक्षरांकडे एकदा बघितलं, मग माझ्या हातातली पिशवी घेतली आणि वांगी चाचपून बघायला लागले.

"घाई करू नगंस," म्हणाले. "भलतंच घातलं तर वॉरंटी जाती."